घाट चढणारा काटा

पीटरबिल्ट ३५९ हा लांब नाकाचा अमेरिकी ट्रक १९६७ ते १९८७ अशी वीस वर्षं बनत होता. त्याच्या डॅशबोर्डवर गोल मीटरांची नुसती दाटी असे. वेग, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, ब्रेकच्या हवेचा दाब, शिवाय मालकानं हौसेनं बसवून घेतलेले आणखी चार-सहा. नवखा माणूस त्यातले दोन-तीन ओळखतो आणि बाकीचे शोभेत काढतो. मुरलेल्या ड्रायव्हरची नजर मात्र चढ लागला की एका भलत्याच मीटरकडे वळायची. त्यावर पायरोमीटर असं लिहिलेलं, आकडे थेट १५००-१६०० फॅरनहाइटपर्यंत गेलेले. इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान हा काटा दाखवतो. जड ट्रकच्या मीटरांमध्ये मला हा सगळ्यांत देखणा वाटतो. तबकडी तर इतरांसारखीच आहे. देखणेपण आहे ते त्याच्या पोटात, आणि तो जे बोलतो त्यात.

पहिला गुण त्याच्या वेळेचा. त्या ट्रकमध्ये बरेचदा कमिन्सचं ८५५ घनइंचांचं, म्हणजे चौदा लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन असायचं. वजन टनाहून जास्त. एवढं बीड आणि पोलाद तापायचं, मग त्यातून फिरणारं पाणी तापायचं, मग थर्मोस्टॅट उघडायचा, पंखा लागायचा. या सगळ्यातून पार होऊन पाण्याचा काटा हलेपर्यंत ट्रक निम्मा घाट चढून गेलेला असतो. धुराच्या तापमानाचा काटा काही सेकंदांत हलतो. पाय थोडा दाबला की वर, थोडा उचलला की खाली. पाण्याचा काटा दूध उतू गेल्यावर हाक मारतो. हा साय थरथरायला लागली की सांगतो. मधल्या वेळात ड्रायव्हरला काही करता येतं, आणि ते करता येण्यातच या मीटरची सगळी किंमत आहे.

आता सुरुवात टोकापासून करू. इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या बीडाच्या मॅनिफोल्डमध्ये भोक पाडून बसवलेली बोटाएवढी सळई. बाहेर उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचं आवरण, आत दोन तारा. एक निकेल आणि क्रोमियमची, तिचं नाव क्रोमेल. दुसरी निकेलमध्ये जरासं ॲल्युमिनियम, मँगनीज आणि सिलिकॉन मिसळून केलेली, ती ॲल्युमेल. टोकाशी दोघींना वितळवून एकत्र जोडलेलं. बस, एवढंच. आत ना स्प्रिंग, ना पारा, ना हलणारा भाग. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की तारांतून विद्युतप्रवाह वाहतो, हे बर्लिनमध्ये सेबेक या शास्त्रज्ञाच्या हाती १८२१ साली लागलं. त्याच्या समोर होकायंत्राची सुई हलली म्हणून तो याला चुंबकत्वाचा प्रकार समजत राहिला. हा विजेचा खेळ आहे हे डॅनिश शास्त्रज्ञ ऑर्स्टेडनं ओळखलं. निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्शला १९०६ साली मिळालं, आणि त्याच घराण्यातली तार आपल्या घरच्या हीटरमध्ये आणि टोस्टरमध्ये लाल होऊन बसलेली असते. म्हणजे स्वयंपाकघरात जी तार वीज घेऊन उष्णता देते, तिचीच चुलत बहीण मॅनिफोल्डमध्ये उष्णता घेऊन वीज देते. धुराच्या भडक्यात वर्षानुवर्षं राहूनही लवकर न गंजणारी आणि तापमानाशी जवळजवळ सरळ रेषेत चालणारी अशी जोडी निवडणाऱ्याच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी.

ही वीज असते किती? एका सेल्सियस अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. चढावर धूर ६५० सेल्सियसला पोचला, तर जमा होतात जेमतेम २७ मिलिव्होल्ट. टॉर्चच्या सेलच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी. जुन्या धाटणीच्या पायरोमीटरचा काटा एवढ्याच विजेवर हलतो. नालाकृती चुंबकाच्या बेचक्यात केसासारख्या तारेची गुंडाळी, तिला नाजूक स्प्रिंग, स्प्रिंगच्या विरोधात वळणारा काटा. वर्धन करणारं सर्किट नाही, ट्रकच्या बॅटरीशी संबंध नाही. तबकडीमागचा दिवा सोडला तर या मीटरला बाहेरून काहीही लागत नाही. बॅटरी उतरवून खाली ठेवली तरी हा काटा आपलं काम करत राहतो, कारण त्याला चालवणारी शक्ती तो जे मोजतो त्यातूनच येते. शेजारचे बहुतेक विजेचे काटे किल्ली फिरवल्याशिवाय जागेवरून हलत नाहीत. इथे इंजिनाचा भडकाच स्वतःची बातमी स्वतःच्या खर्चानं केबिनपर्यंत पाठवतो.

पण इतक्या थोड्या विजेवर संसार करायचा म्हणजे पै-पैचा हिशेब आला. सळईपासून मीटरपर्यंत जाणारी तार साधी तांब्याची चालत नाही. तीही त्याच दोन धातूंची लागते, नाहीतर वाटेत जिथे तांबं जोडलं तिथे नवे सांधे तयार होतात आणि तेही आपापली वीज मिसळू लागतात. त्या तारेची लांबी ठरलेली असते. जास्त झाली म्हणून कापायची नाही, वेटोळं करून डॅशबोर्डमागे बांधून ठेवायची, कारण तारेचा रोधही मीटरच्या मापनात धरलेला असतो. नवशिका वायरमन नेमका इथे चुकतो. जास्तीची तार दिसली की त्याचे हात शिवशिवतात आणि मग काटा कायमचा बढाया मारायला लागतो. रंगांचीही एक गंमत आहे. अमेरिकी पद्धतीत या जोडीतली पिवळी तार धन आणि लाल तार ऋण. गाडीच्या इतर सगळ्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे धन हे डोक्यात बसलेला मिस्त्री इथेही तसंच जोडतो, आणि घाट चढताना काटा शून्याच्या खाली खुंटीला टेकतो. इंजिन जितकं तापेल तितका काटा गोठत जातो. जोडणीतली चूक इतक्या ठळकपणे कबूल करणारं मीटर दुसरं नाही.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दोन धातूंची ही जोडी तापमान सांगतच नाही. सांगते दोन टोकांच्या तापमानांतला फरक. एक टोक धुरात, दुसरं मीटरपाशी. आता मीटर ज्या केबिनमध्ये आहे ती सकाळी गारठलेली, दुपारी भट्टी झालेली. मग तोच धूर सकाळी जास्त गरम दिसणार आणि दुपारी कमी. यावर तोड म्हणून चांगल्या मीटरमध्ये काट्याच्या स्प्रिंगजवळ दोन धातूंची चिकटवलेली एक छोटी पट्टी असते. केबिन तापली की ती वाकते आणि काट्याची सुरुवातीची जागा तेवढी पुढे सरकवते. म्हणून रात्रभर बंद असलेल्या ट्रकमध्ये हा काटा शून्यावर नसतो, हवेचं तापमान दाखवत उभा असतो. नखाएवढ्या पट्टीनं केबिनच्या हवेची वजाबाकी परस्पर भरून काढली आहे, आणि तबकडीकडे बघणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

सळई बसवायची कुठे, यावर ट्रकवाल्यांत आयुष्यभराचे वाद होतात. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवली तर ती इंजिनाच्या तोंडापाशी असते आणि खरं तापमान सांगते. टर्बोच्या पुढच्या पाइपात बसवली तर धुरानं टर्बाइन फिरवण्यात आपली बरीच उष्णता खर्चून टाकलेली असते. भर लोडवर दोन्हींत शंभर-दीडशे सेल्सियसचा फरक पडतो. शिवाय हा फरक स्थिर नसतो, लोडप्रमाणे बदलतो, त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून भागत नाही. मग पुढे बसवतात कशाला? भीतीपोटी. आधी बसवलेली सळई कधी तुटली, तर तिचा तुकडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांत जाणार. भीती खोटी नाही. पण चांगल्या जाडीचं आवरण असलेली सळई असेल तर मी पहिल्या जागेचाच पक्ष घेईन. आगीची खबर हवी तर आगीपाशीच उभं राहायला हवं.

आणि त्या पहिल्या जागेतही कलाकुसर आहे. या इंजिनाचा जळण्याचा क्रम १-५-३-६-२-४. पुढचे तीन सिलिंडर मॅनिफोल्डच्या एका कप्प्यात धूर सोडतात, मागचे तीन दुसऱ्या, आणि क्रम असा की दोन्ही कप्प्यांना आळीपाळीनं ठोका मिळतो. म्हणजे एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. १८०० फेऱ्यांवर एकूण सेकंदाला नव्वद ठोके, प्रत्येक कप्प्यात पंचेचाळीस. सळई एका कप्प्यात असेल तर ती तीनच सिलिंडरांची साक्षीदार. चौथ्याचं नोझल गळत असलं तरी तिला त्याचा पत्ता लागणार नाही. जहाजाच्या इंजिनरूममध्ये म्हणूनच प्रत्येक सिलिंडरच्या धुराला वेगळं मीटर असतं, आणि मुंबई-गोव्याकडचे आपले मरीन इंजिनीअर ड्यूटी बदलताना ते आकडे ओळीनं वहीत उतरवतात. ट्रकला ती ऐष परवडत नाही. त्याला एकाच सळईत भागवायचं असतं, तेही तिचं टोक प्रवाहाच्या बरोबर मध्ये येईल अशा बेतानं, कारण भिंतीलगतचा धूर थंड आणि मंद असतो. भोक पाडताना ड्रिलच्या टोकाला आणि टॅपला भरपूर ग्रीस फासायचं, म्हणजे बीडाचा कीस त्यातच अडकतो. काही मिस्त्री शेवटचा पापुद्रा इंजिन चालू ठेवून फोडतात. धुराचा झोतच कीस बाहेर फेकतो. हा दुसरा प्रकार बघायला मिळाला तर जरूर बघा, पण चष्मा लावून.

सळईचं टोक सेकंदाला पंचेचाळीस भडके झेलतं आणि काट्याला मात्र एकच शांत आकडा देतं. आवरणाचा धातू प्रत्येक भडका पुरता पोचू देत नाही, दोन भडक्यांमधली थंडाईही पुरती जाणवू देत नाही. आवरण पातळ केलं तर काटा चपळ होतो पण सळई लवकर मरते. जाड केलं तर ती टिकते पण काटा सुस्तावतो. काही मिलिमीटरच्या या जाडीत मीटरचा स्वभाव ठरतो. चांगल्या पायरोमीटरचा काटा चढाच्या सुरुवातीला ज्या एकसंध, न थरथरणाऱ्या गतीनं वर जातो, ती गती बनवणाऱ्यानं विचारपूर्वक निवडलेली असते. आकडे दाखवणाऱ्या डिजिटल मीटरवर ही मजा नाही. तिथे ६१२, ६१९, ६३१ असे आकडे चमकत राहतात आणि वाचणाऱ्याला मनात वजाबाकी करावी लागते. काटा तीच वजाबाकी आपल्या वेगातून करून दाखवतो.

आता वाचन. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेत झडप असते. डिझेलच्या इंजिनात नसते. डिझेल दर वेळी छाती भरून हवा घेतं, आणि ॲक्सिलरेटर फक्त त्यात किती तेल पडेल ते ठरवतो. हवा भरपूर आणि तेल थोडं असेल तर धूर थंड. तेल वाढत गेलं की धूर तापत जातो. इंजिन नुसतं फिरत असताना काटा तीनशे फॅरनहाइटच्या आसपास, सपाट रस्त्यावर भरल्या ट्रेलरनिशी सात-आठशे, आणि लांब चढावर हजार, अकराशे. टर्बोच्या आधी मोजलेले १२०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६५० सेल्सियस, ही बहुतेक जुन्या ड्रायव्हरांनी मानलेली सबुरीची रेघ. इथे एखादा चौकस वाचक विचारेल की पिस्टन तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तो पावणेसहाशे सेल्सियसच्या आसपासच मऊ पडून वितळायला लागतो, मग साडेसहाशेच्या धुरात तो राहतो कसा? राहतो तो उसंतीवर. भडका काही क्षणांचा, त्यापाठोपाठ थंड हवेचा घोट, आणि खालून पिस्टनच्या पोटावर वंगणाच्या तेलाची सततची पिचकारी. धुराचं तापमान म्हणजे धातूचं तापमान नव्हे. पण धूर चढत गेला की धातूची उसंत घटत जाते. काटा या उसंतीचा शिल्लक हिशेब दाखवतो.

ही सगळी विद्या पणाला लागते ती कोलोरॅडोत. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर. तिथून पश्चिमेला निघालेला आय-७० महामार्ग शंभरेक किलोमीटरच्या आत आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३४०० मीटरवर जातो. हा बोगदा १९७३ साली खुला झाला, त्याची जोडनळी १९७९ साली. ज्वालाग्राही माल घेऊन जाणाऱ्या ट्रकांना बोगद्यातून जाता येत नाही. त्यांना अजूनही लव्हलँड खिंडीतून, ३६०० मीटरच्याही वरून, नागमोडी जावं लागतं. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच उरतो. टर्बो जास्त वेगानं फिरून ही तूट भरून काढायचा प्रयत्न करतो, पण पूर्ण नाही. तेच इंजिन, तोच माल, पायाखाली तेवढंच तेल. हवा मात्र कमी. म्हणून जो काटा खाली मैदानात अकराशेवर थांबला असता तो इथे बाराशे ओलांडू पाहतो. डोंगराची उंची डॅशबोर्डवर मोजणारं हे मीटरही झालं, तेही कुणी ठरवून न बसवलेलं.

आणि इथेच तो प्रसंग येतो ज्यासाठी या काट्यावर प्रेम करावं. चढ वाढलाय, ट्रक वरच्या गियरमध्ये तेराशे फेऱ्यांवर रेंगाळतोय, ॲक्सिलरेटर तळाला. आवाज दबका, भारदस्त. कानाला वाटतं इंजिन आरामात आहे. काटा मात्र वर सरकतोय. कमी फेरे म्हणजे टर्बोला कमी धूर, म्हणजे कमी हवा. आणि प्रत्येक घासाला तेल मात्र पुरेपूर. मुरलेला ड्रायव्हर तेरा गियरच्या रोडरेंजरचं अंगठ्याखालचं बटण सरकवतो आणि अर्धा गियर खाली येतो. फेरे पंधराशेवर उडी घेतात, इंजिन ओरडायला लागतं, शेजारी बसलेल्याला वाटतं आता काहीतरी तुटणार. आणि काटा खाली येतो. काम तेवढंच आहे पण घास जास्त झाले; प्रत्येक घासात तेल कमी, हवा जास्त. इंजिन ओरडलं की ते तापलं असेल असं कान म्हणतो. काटा त्याला शांतपणे खोडून काढतो. हे एकदा पाहिलं की कानावरचा भरवसा थोडा ढळतो, आणि तो ढळायलाच हवा.

आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत हे मीटर सहसा नसेच. बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या चढावर आपला ड्रायव्हर ही खबर आरशातून घ्यायचा. मागे काळा धूर लोटू लागला की तेल जास्त आणि हवा कमी हे उघड झालं. मग एक गियर खाली टाकायचा. काळा धूर आणि चढलेला काटा हे एकाच बातमीचे दोन वार्ताहर. फरक इतकाच की काळा धूर दिसेपर्यंत तेल वाया गेलेलं असतं, आणि अंधारात तो दिसत नाही.

बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या दाबाच्या मीटरशेजारी पायरोमीटर ठेवला की दोघे मिळून वैद्यकी करू लागतात. ओळखीचा घाट, ओळखीचा भार, आणि आज काटा नेहमीपेक्षा चढलेला, बूस्ट पडलेला: हवा कुठेतरी मरते आहे. एअर फिल्टर चोंदला असेल, नळीचा क्लँप सैल झाला असेल, इंटरकूलर फुटला असेल. काटा आणि बूस्ट दोन्ही खाली आणि ट्रकला ओढ नाही: हवा ठीक आहे, तेलच पोचत नाही, डिझेल फिल्टर बघा. बूस्ट जागेवर पण काटा चढलेला: कुणीतरी तेल वाढवलंय. त्या काळच्या कमिन्स इंजिनांच्या पीटी पंपात एक बटण बदललं की तेलाचा दाब वाढायचा आणि ताकदही. हे काम हायवेकाठच्या गॅरेजात सर्रास चाले. ताकद फुकट मिळाली असं मालकाला वाटे. त्याचं बिल काय होणार ते पायरोमीटर पहिल्याच चढावर सांगत असे. दोन काट्यांच्या तीन जोड्यांतून एवढं निदान निघतं. बॉनेट न उघडता.

उतरणीला काटा वेगळंच रूप दाखवतो. क्लेसी कमिन्स १९३१ साली स्वतःच्या डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन कॅलिफोर्नियातली कॅहॉन खिंड उतरत होता. ब्रेक तापून निकामी झाले आणि खाली रेल्वे फाटकावर मालगाडी. थोडक्यात वाचला. इंजिनालाच ब्रेक बनवायची कल्पना त्यानं बऱ्याच वर्षांनी प्रत्यक्षात आणली, आणि जेकब्स कंपनीनं ती १९६१ साली बाजारात आणली. हा जेक ब्रेक लागला की इंजिन तेल पीत नाही, नुसती हवा दाबून सोडून देतं. आवाज कानठळ्या बसवणारा, आणि काटा झरझर उतरून कोपऱ्यात. चढावरचा ओरडा आणि उतारावरचा ओरडा कानाला सारखेच. पण काटा एकदा अकराशेवर असतो, एकदा तीनशेवर.

मुक्कामाला पोचल्यावरही त्याचं काम संपत नाही. चढ संपवून लगेच इंजिन बंद केलं, तर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल वाहायचं थांबतं आणि तिथेच करपून कोळसा होतं. म्हणून तीन ते पाच मिनिटं इंजिन तसंच फिरू द्यावं, असं हँडबुक सांगतं. पायरोमीटरवाला ड्रायव्हर घड्याळ बघत नाही. काटा साडेतीनशे-चारशे फॅरनहाइटच्या खाली आला की किल्ली फिरवतो. कधी मिनिटात येतो, कधी सहा मिनिटं लागतात. मिनिटांचा नियम सगळ्यांसाठी एकच आहे. काट्याचा नियम त्या दिवसाच्या चढासाठी बेतलेला.

आज हा काटा बहुतेक नव्या ट्रकांच्या डॅशबोर्डवरून गेला आहे. गेला म्हणजे खाली उतरला आणि वाढला. अमेरिकेत २००७ नंतर काजळी अडवणारी गाळणी आली, २०१० नंतर युरियाची फवारणी. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मुळे दोन्ही सरसकट आल्या. सायलेन्सरच्या जागी आता एक छोटा कारखाना असतो आणि त्याच्या दारोदारी तापमानाचे सेन्सर. बऱ्याच ठिकाणी प्लॅटिनमचे: शून्य सेल्सियसला २०० ओहम रोध, तापेल तसा वाढत जाणारा. मजेची गोष्ट अशी की इथे काळजीची दिशाच उलटली. जुन्या ड्रायव्हरला भीती होती ती धूर फार तापण्याची. नव्या यंत्रणेचं निम्मं दुखणं धूर गार राहण्याचं आहे. युरिया फवारायला धूर दोनशे सेल्सियसच्या आसपास तरी हवा, नाहीतर त्याचे पांढरे खडे पाइपात साचतात. गाळणीत अडकलेली काजळी जाळून टाकायला साडेपाचशे-सहाशे हवेत. पुण्या-मुंबईच्या गर्दीत दिवसभर चालणारे डंपर आणि कचऱ्याच्या गाड्या तिथवर पोचतच नाहीत, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ड्रायव्हरला गाडी बाजूला घेऊन रीजनचं, म्हणजे काजळी जाळण्याचं, बटण दाबावं लागतं. काटा वाचणारा ड्रायव्हर या मांडणीत उरला नाही, याची मला थोडी खंत आहे. त्याला दिवा दिसतो, दिव्यामागचा चढ-उतार दिसत नाही.

पण वाचन अजून शिल्लक आहे. ते वर्कशॉपमध्ये लॅपटॉपवर चालतं. रीजन चालू असताना चांगला मेकॅनिक दोनच आकडे पाहतो: पहिल्या कॅटॅलिस्टच्या आधीचा आणि नंतरचा. कॅटॅलिस्टच्या तोंडावर थोडं डिझेल सोडलेलं असतं आणि ते आत ज्वाळेशिवाय जळतं. आधी २८०, नंतर ५७० दिसले की कॅटॅलिस्ट ठणठणीत. आधी २८० आणि नंतरही तीनशेच्या आसपासच घुटमळत असेल, तर डिझेल सोडणारं नोझल चोंदलंय किंवा कॅटॅलिस्ट मेलाय. आणि ज्या दिवशी सेन्सरवरच संशय असेल त्या दिवशी तो गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन चालू करण्याआधी नुसती किल्ली फिरवतो. सगळे सेन्सर रात्रभर एकाच हवेत होते, म्हणजे सगळ्यांनी एकच आकडा सांगायला हवा. २३, २४, २४ आणि चौथा ६१ म्हणाला, तर स्टोअरमधून एकच सेन्सर मागवायचा.